व्यक्तिकेंद्री शुश्रूषा आणि परिचर्या-शिक्षण : महाराष्ट्रातील ऐतिहासिक वाटचाल (गोंदिया जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात डॉक्टरांची नावे ठळकपणे येतात, रुग्णालयांच्या इमारतींची वर्णने येतात, औषधांचे शोध येतात. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या परिचारिकेचा इतिहास मात्र बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. त्यातही ती परिचारिका घडली कशी, ती नेमके काय शिकली आणि कोणाकडून शिकली, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाचे लक्ष फारसे गेलेले नाही. आज शुश्रूषा-शिक्षणात 'व्यक्तिकेंद्री शुश्रूषा' ही संज्ञा प्रतिष्ठा पावली आहे. रुग्ण म्हणजे केवळ आजार किंवा खाट क्रमांक नव्हे. त्याला नाव, भाषा, घर, व्यवसाय, भीती आणि स्वतःचे मत असते व शुश्रूषेचा आरंभ तेथून झाला पाहिजे, असा या संज्ञेचा थोडक्यात आशय सांगता येईल.

ही संज्ञा पाश्चात्त्य ग्रंथांतून आली असल्यामुळे ती आपल्याकडे नवी आहे, परकी आहे, असा समज आढळतो. याउलट 'सेवा' हा शब्द आपल्या संस्कृतीत पूर्वापार आहे, म्हणून आपल्याला काही शिकण्याची गरज नाही, असाही दुसरा समज आढळतो. प्रस्तुत शोधनिबंधात हे दोन्ही समज इतिहासाच्या कसोटीवर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) व्यक्तिकेंद्री शुश्रूषा या संकल्पनेच्या विकासाचा थोडक्यात परामर्श घेणे.
२) महाराष्ट्रातील परिचर्या-शिक्षणात रुग्णाला 'व्यक्ती' म्हणून ओळखण्याची शिकवण कोणत्या मार्गांनी दिली गेली, याचा शोध घेणे.
३) या शिकवणीच्या आड आलेल्या ऐतिहासिक कारणांची मीमांसा करणे.
४) गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या इतिहासाचे आजचे महत्त्व स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय समित्यांचे अहवाल, न्यायनिर्णय, अभ्यासक्रम आणि प्रकाशित साहित्य यांचा आधार घेतला आहे.

संकल्पनेचा विकास :

आधुनिक परिचर्या-शिक्षणाचा आरंभ सामान्यतः १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रशिक्षणशाळेपासून मानला जातो. या शाळेत शिकाऊ परिचारिकेच्या वर्तनाची व कौशल्याची मासिक नोंद ठेवली जात असे. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, स्वच्छता अशा गुणांवर वॉर्डची प्रमुख सिस्टर अभिप्राय देई. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. व्यक्ती म्हणून जिचे बारकाईने निरीक्षण होत होते ती रुग्ण नव्हती, तर परिचारिका होती. तिचे चारित्र्य घडले की शुश्रूषा आपोआप चांगली होईल, अशी त्यामागची धारणा होती. रुग्णाच्या स्वच्छतेचा, हवेचा, उजेडाचा, आहाराचा विचार नाइटिंगेल यांनी अत्यंत सूक्ष्मपणे केला होता, हे निर्विवाद आहे. परंतु प्रशिक्षणाची जी चौकट जगभर पसरली तीत शिस्त हा मध्यवर्ती शब्द ठरला.

विसाव्या शतकाच्या मध्यास या विचाराला वळण मिळाले. १९५१ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सल्लार्थीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या उपचारपद्धतीची मांडणी केली. १९५२ साली हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील परस्परसंबंध हाच शुश्रूषेचा गाभा असल्याचे प्रतिपादन केले. १९६१ साली आयडा जीन ऑर्लँडो यांनी रुग्णाच्या वागण्याचा अर्थ परिचारिकेने स्वतःच ठरवून न टाकता तो रुग्णाकडूनच पडताळून घ्यावा, असा आग्रह धरला. पुढे १९९७ साली टॉम किटवुड यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या संदर्भात 'व्यक्तित्व' ही कल्पना विस्ताराने मांडली, तर २००६ साली मॅकॉर्मॅक व मॅकॅन्स यांनी व्यक्तिकेंद्री शुश्रूषेचा आराखडा प्रसिद्ध केला. थोडक्यात, शिस्तीकडून संबंधाकडे असा हा प्रवास आहे.

वसाहतकाळ : स्पर्शाचा प्रश्न

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. परंतु भारतीय स्त्रियांच्या परिचर्या-प्रशिक्षणाला आणखी चार दशके वाट पाहावी लागली. १८८५ साली लेडी डफरिन निधी स्थापन झाला आणि १८८६ साली स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले. जे. जे. रुग्णालयातील परिचारिका प्रशिक्षणशाळाही याच सुमारास सुरू झाली. १८९१ साली बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका होत, अशी नोंद शुश्रूषेच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. ती नोंद एका ओळीपलीकडे जात नाही, हेही बोलके आहे.

तत्कालीन समाजात परिचर्येच्या व्यवसायास प्रतिष्ठा नव्हती. परक्या माणसाचा देह धुणे, मलमूत्र काढणे, जखम स्वच्छ करणे ही कामे जातिव्यवस्थेने विशिष्ट समूहांवर लादलेली होती. प्रसूतीचे काम करणाऱ्या दाईलाही कौशल्य असूनही मान नव्हता. त्यामुळे या क्षेत्रात आरंभी युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती स्त्रियांचेच प्रमाण अधिक राहिले. रुग्णाला व्यक्ती म्हणून पाहण्याआधी त्याला स्पर्श करता आला पाहिजे, ही आपल्याकडील पहिली अट होती. पाश्चात्त्य सिद्धान्तग्रंथांत हा प्रश्न या स्वरूपात येत नाही. म्हणूनच १८९७ च्या प्लेगमध्ये पुणे परिसरात सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांना स्वतः उपचारासाठी नेले आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, ही घटना सामाजिक इतिहासाप्रमाणेच शुश्रूषेच्या इतिहासातही मोलाची ठरते.

या पार्श्वभूमीवर १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाचे कार्य पाहावे लागते. सेवासदनाने हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी पाठविण्यास प्रारंभ केला. घराबाहेर पाऊल टाकण्यास मज्जाव असलेल्या स्त्रीने परजातीच्या रुग्णाची शुश्रूषा करावी, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. ज्या स्त्रीला समाजाने 'व्यक्ती' म्हणून नाकारले होते, ती रुग्णालयात दुसऱ्याच्या वेदनेला उत्तरदायी झाली. परिचारिकेचे स्वतःचे व्यक्तित्व आणि रुग्णाचे व्यक्तित्व या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हा सेवासदनाच्या प्रयोगातून निघणारा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

विद्यार्थिनी की मनुष्यबळ ?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने देशातील परिचर्येचे विदारक चित्र पुढे आणले. त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजेच सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असे हे प्रमाण होते. परिचारिकांच्या राहण्याच्या व कामाच्या परिस्थितीवरही समितीने कठोर भाष्य केले. याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्रात १९६४ साली श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू झाले, १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम संमत झाला आणि १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली.

संस्थात्मक प्रगतीच्या या आलेखाआड एक जुनी अडचण मात्र कायम राहिली. रुग्णालयाशी जोडलेल्या शाळेतील विद्यार्थिनी ही शिकणारी असतेच. पण ती वॉर्ड चालविणारे हातही असते. परिचारिकांची संख्या अपुरी असताना कामवाटपाची पद्धत अपरिहार्य ठरते. एकीने सर्वांचे तापमान व रक्तदाब घ्यायचा, दुसरीने सर्वांना इंजेक्शने द्यायची, तिसरीने सर्वांचे ड्रेसिंग करायचे. या पद्धतीने काम लवकर उरकते, हे मान्य केले पाहिजे. पन्नास रुग्णांच्या वॉर्डात दोन परिचारिका असतील तर दुसरा मार्ग उरत नाही. परंतु या पद्धतीत विद्यार्थिनी पन्नास दंड पाहते, एकही माणूस पाहत नाही. परिचारिकांना शुश्रूषेतर कामांतून मुक्त करावे, ही शिफारस १९८७-८९ च्या उच्चाधिकार समितीलाही करावी लागली, यावरून या प्रश्नाची चिवटता ध्यानात येते.

यावर उपाय म्हणून अभ्यासक्रमात 'शुश्रूषा प्रक्रिया' आणि प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र 'शुश्रूषा आराखडा' यांचा समावेश झाला. विद्यार्थिनीने एका रुग्णाची माहिती घ्यावी, त्याच्या गरजा ठरवाव्यात, उपाय योजावेत आणि परिणाम तपासावा, अशी ही रचना आहे. तिचा हेतू निःसंशय व्यक्तिकेंद्री आहे. तथापि, आराखड्याला गुण असतात आणि त्याचा नमुना ठरलेला असतो. अशा वेळी जुन्या जर्नलवरून मजकूर उतरविण्याचा मोह निर्माण होतो आणि व्यक्तीसाठी केलेला तक्ता व्यक्तीवाचून पूर्ण होऊ शकतो. म्हणून केवळ तक्ता बदलून शिकवण बदलते काय, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्रातीलच काही उदाहरणे उपयुक्त ठरतात.

सेवाग्राम आणि शोधग्राम : घरातून शिक्षण

१९३९ साली सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री हे कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित आले. त्यांची व गांधीजींची ओळख येरवडा तुरुंगातील होती. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. येथे 'कुष्ठरोगी' ही ओळख मागे पडून 'शास्त्री' ही ओळख पुढे राहिली, हे महत्त्वाचे. विदर्भातील कुष्ठसेवेच्या पुढील परंपरेत, १९४९ पासूनच्या आनंदवनासह, हाच विचार श्रमप्रतिष्ठेच्या रूपाने विस्तारला.

सेवाग्राम येथे १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुशीला नायर यांच्या प्रेरणेने प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे, तेथे शिबिरात राहावे आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवावीत, अशी पद्धत रुजली. ही योजना वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असली तरी परिचर्या-शिक्षणास तिचा धडा तितकाच लागू आहे. रुग्णालयात माणूस रुग्णाच्या कपड्यांत, परक्या जागेत आणि शिकवणाऱ्यांच्या सत्तेखाली असतो. त्याच्या घरी मात्र विद्यार्थी पाहुणा असतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार तेथे यजमानाकडे जातो आणि ऐकण्याची सवय लागते.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून केलेले कार्य सर्वश्रुत आहे. त्यांच्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगात गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाली. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. या यशामागे तंत्र होते, औषधे होती, काटेकोर देखरेख होती. त्याचबरोबर एक गोष्ट अशी होती की आरोग्यदूत ठरलेल्या दिवशी पुन्हा त्याच घरी, त्याच मातेकडे जात असे. सातत्याने भेटल्याखेरीज ओळख होत नाही आणि ओळख झाल्याखेरीज शुश्रूषा व्यक्तिकेंद्री होत नाही, हा या प्रयोगाचा शिक्षणविषयक अर्थ आहे.

केईएम रुग्णालय : पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण

या विषयातील सर्वांत मर्मस्पर्शी उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच प्राणघातक हल्ला झाला. त्यातून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. या दीर्घकाळात त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले गेले नाहीत, ही बाब सर्वोच्च न्यायालयासमोर मांडली गेली. शुश्रूषेचे थोडेफार ज्ञान असणाऱ्यासही या एका वाक्यामागील परिश्रम कळतील.

त्यांच्या दयामरणासंबंधीच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निर्णयात आलेले तपशील परिचर्या-शिक्षणाच्या दृष्टीने मननीय आहेत. बोलू न शकणाऱ्या या रुग्णाला मासे आणि चिकनचे सूप आवडते, खोलीत फार माणसे आली की ती अस्वस्थ होते, मंद संगीताने शांत होते, ही माहिती तेथे नोंदली गेली. हे ज्ञान कोणत्याही तपासणीयंत्रातून आलेले नव्हते. ते रोजच्या सहवासातून आले होते. तसेच परिचर्येच्या प्रत्येक नव्या तुकडीची या रुग्णाशी ओळख करून दिली जात असे आणि ती आपल्यातलीच एक होती, हे त्यांना सांगितले जात असे, असेही रुग्णालयाच्या वतीने न्यायालयास कळविण्यात आले होते. हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुलीही पुढे या शुश्रूषेत सहभागी झाल्या. त्यांनी त्या परिचारिकेला चालता-बोलताना कधीच पाहिले नव्हते; तरीही त्यांच्यासाठी ती केवळ एक 'केस' राहिली नाही. अनुभवी परिचारिकेने खाटेजवळ उभे राहून सांगितलेली हकीकत हा येथे पाठ होता.

न्यायालयाने याचिका फेटाळताना रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेकडे नव्हे, तर केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे असल्याचे मानले. दयामरणाच्या प्रश्नावर मतभेद असू शकतात आणि या निर्णयानेच मर्यादित स्वरूपात निष्क्रिय दयामरणाची वाट खुली केली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु रोज शुश्रूषा करणाऱ्यांना रुग्ण व्यक्ती म्हणून कळतो, या गोष्टीला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वजन दिले, ही शुश्रूषेच्या इतिहासातील एक लक्षणीय घटना होय. मात्र अशी शुश्रूषा सहकाऱ्याला मिळाली. अनोळखी, गरीब, अन्यभाषक रुग्णाला ती मिळेल काय, हा प्रश्न हे उदाहरण आपल्यासमोर उभा करते.

गोंदिया जिल्ह्याचा संदर्भ :

हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात विशेष तीव्रतेने जाणवतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १६ टक्के आहे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याला मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमा लागून आहेत. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही गोंदिया शहरातील जुनी शासकीय रुग्णालये होत. २०१६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजेच खाटेजवळ शिकण्याची मोठी परंपरा असलेल्या मुंबई-पुण्याच्या तुलनेत हा जिल्हा आरोग्य-शिक्षणात नवा आहे.

येथील वॉर्डात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी या भाषा कानी पडतात. परिचर्येच्या पदवीचे शिक्षण इंग्रजीतून होते, वॉर्डातील सूचना मराठी-हिंदीतून दिल्या जातात आणि सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील एखादी वृद्धा आपले दुखणे गोंडीतून सांगते. अशा वेळी 'रुग्ण सहकार्य करीत नाही' असा शेरा नोंदविणे सोपे असते. ऑर्लँडो यांनी सांगितलेली पडताळणी येथे प्रथम भाषेपाशी अडते. ज्या विद्यार्थिनींच्या घरी या भाषा बोलल्या जातात त्यांचे ज्ञान ही खरे तर वर्गाची संपत्ती आहे. परंतु गुणपत्रिकेत तिला स्थान नाही.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे घेता येईल. पूर्व विदर्भात या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या आजारातील वेदनेचे झटके बाहेरून दिसत नाहीत. जखम नाही, सूज असेलच असे नाही. आणि तरुण मुलगा वेदनाशामक मागत पुन्हा पुन्हा दाखल होतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की संशय घ्यायचा, हे विद्यार्थिनी आपल्या वरिष्ठ सिस्टरच्या चेहऱ्यावरून शिकते. वेदना अनुभवणारा सांगेल तीच वेदना, असे मार्गो मॅकॅफरी यांनी १९६८ साली मांडले. वर्गात हे तत्त्व एका तासात शिकविता येते. वॉर्डात ते एका उद्‌गाराने पुसलेही जाते.

तिसरी बाब जीवनक्रमाची आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाळंतीण लवकर घरी जाऊ पाहते, तेंदूपत्त्याच्या हंगामात क्षयरोग्याच्या गोळ्या चुकतात. याला निष्काळजीपणा म्हणावे की कुटुंबाच्या वर्षभराच्या हिशेबाचा भाग मानावे, यावर पुढील सल्ला अवलंबून असतो. ज्या विद्यार्थिनीने ते घर पाहिले आहे ती गोळ्यांची वेळ कामाच्या वेळेशी जुळवून देईल. इतर केवळ उपदेश करतील.

संबोधनाचा मुद्दाही किरकोळ नाही. आपल्याकडे वॉर्डात आजी, मावशी, काका अशी नाती सहज जोडली जातात. हे आपल्या संस्कृतीचे बळ आहे, यात शंका नाही. परंतु वॉर्डातील प्रत्येक वृद्धा 'आजी' झाली की कोणत्याच आजीचे नाव विचारले जात नाही, अशीही शक्यता असते. आपुलकी आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थिनींना जाणीवपूर्वक शिकवावे लागेल.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) व्यक्तिकेंद्री शुश्रूषेची संज्ञा पाश्चात्त्य असली तरी तिचा अनुभव महाराष्ट्राला परका नाही. तथापि, सेवाभावाच्या परंपरेमुळे ती आपोआप साध्य होते, हेही खरे नाही. जातीमुळे आलेला स्पर्शाचा अडसर ओलांडण्यासाठी येथे स्वतंत्र संघर्ष करावा लागला.

२) रुग्णाला व्यक्ती म्हणून ओळखण्याची शिकवण तीन मार्गांनी दिली गेल्याचे दिसते : एकाच रुग्णाशी वा कुटुंबाशी दीर्घकाळ संबंध, रुग्णाच्या घराचे व भाषेचे ज्ञान आणि अनुभवी परिचारिकेचे प्रत्यक्ष उदाहरण. यांपैकी एकही मार्ग केवळ व्याख्यानाचा नाही.

३) अपुरे मनुष्यबळ आणि त्यातून येणारी कामवाटपाची पद्धत हा या शिकवणीतील सर्वांत मोठा अडथळा आहे. तो विद्यार्थिनीच्या वृत्तीचा दोष मानणे अन्यायाचे ठरेल.

४) २०२१ पासून पदवी अभ्यासक्रमात सत्रपद्धती आली, तर २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. या बदलांच्या काळात गोंदियासारख्या जिल्ह्यातील संस्थांनी पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थिनीकडे एक कुटुंब सोपवावे, ते शिक्षण पूर्ण होईपर्यंत तिच्याकडेच ठेवावे, स्थानिक भाषांतील आजारविषयक शब्दांचे संकलन विद्यार्थिनींकडूनच करून घ्यावे आणि वॉर्डातील वरिष्ठ परिचारिकांना शिक्षक म्हणून औपचारिक मान्यता द्यावी, असे सुचवावेसे वाटते. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वेळापत्रकात जागा आणि वॉर्डात पुरेशी माणसे यांची मात्र आवश्यकता आहे.

परिचर्येचा इतिहास हा सत्काराच्या भाषणांपुरता ठेवण्याचा विषय नाही. भोर समितीने दाखविलेली टंचाई आणि केईएमच्या परिचारिकांनी दाखविलेली शक्यता या दोन टोकांच्या मध्ये आजची विद्यार्थिनी उभी आहे. ती कोणत्या बाजूला झुकेल हे तिच्या अंगच्या दयाळूपणावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक आपण तिला एका वेळी किती रुग्ण देतो यावर अवलंबून आहे.